मागितलेली काडी

प्राडोर वाडीत चेस्टनटचं झाड लावायचं तर आधी त्याची झोप बघावी लागते. उशिरा उठणारं आणि लवकर निजणारं झाड हवं. असली सून घरात आली तर सासूबाई आठ दिवसांत वेड्या होतील, पण झाड मात्र असंच लागतं. एप्रिलची ऊब बघून जे घाईघाईनं पालवतं, त्याला मे महिन्यातलं हिम करपवून टाकतं. ऑक्टोबर आला तरी जे बोंडं मिटून बसतं, त्याची फळं बोंडातच हिरवी गोठतात. खाली तळ्याकाठच्या गावांना ही काळजी कधीच नव्हती. तिथे एकेका घराच्या तीन-तीन, चार-चार जाती. एक ताजी भाजून खायला, एक धुरावर वाळवून दळायला, एक पानांत पुरून ईस्टरपर्यंत ठेवायला. आम्ही त्यांच्या कितीतरी वर, जिथे चेस्टनट हात टेकतो आणि लार्चचं सूचिपर्णी रान सुरू होतं तिथे. आमच्याकडे निवडायला एकच जात होती, आणि तीसुद्धा आर्मिदाच्या आजोबांनी शोधलेली.

त्या आजोबांची निवडायची रीत साधी होती. एका वर्षी बर्फ फार लवकर पडलं. सगळी वाडी चुलीपाशी बसून नशिबाला शिव्या देत होती, तेव्हा हा गृहस्थ रानात एकेका झाडाखालचं बर्फ पायानं उकरत हिंडला. ज्या झाडाखाली बर्फाच्या आत पिकलेली फळं पडलेली सापडली, त्याच्या फांदीला त्यानं चिंधी बांधली. झाड रानटी होतं, फळ लहान, एका अंगानं चपटं, दिसायला काहीच नाही. पण आतली साल एका ओढीत निघायची आणि दुधात शिजली की साखर घालावी लागायची नाही. सप्टेंबर सरता सरता, सान मिकेलेच्या सणाला फळ टाकायची म्हणून तिचं नाव पडलं मिकेलिना.

आर्मिदाच्या घरामागे उभी होती ती मिकेलिना आजोबांच्या हातची. तिच्याखाली आर्मिदा रांगली. पाठीवरच्या करंडीत चेस्टनट आणि वर पोरगी असं घेऊन बाप धुरीघराकडे चढायचा, तेव्हा त्याच्या मानेचा तंबाखूचा वास तिच्या नाकात बसायचा. धुरीघरात महिनाभर विस्तव धुमसत ठेवायचा, वरच्या फळ्यांवर फळं वाळायची, आणि वाडीतल्या पोरांच्या कपड्यांना, केसांना, वह्यांना धुराचा असा काही वास लागायचा की खालच्या गावच्या शाळेत त्यांना सगळे ‘सुकटं’ म्हणायचे. मग एके दिवशी टरफलं सुटावीत म्हणून वाळलेली फळं पोत्यात भरून ओंडक्यावर आपटायची. बाया गात असायच्या, पुरुष मोजायला चुकायचे आणि कोणीतरी हमखास बोटावर पोतं आपटून घ्यायचं. आता ते धुरीघर आहे, पण विस्तव नाही. आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

तर गोष्ट काडीची. आमच्याकडे कलमाची काडी मागायची नसते, चोरायची असते. मागितलेली धरत नाही, कोणी आपल्या हातानं दिलेली तर मुळीच धरत नाही. चोरानं आभार मानायचे नाहीत आणि मालकानं बघायचं नाही. लग्न ठरत आलेल्या मुलानं तर मुलीच्या बापाच्या झाडावरूनच काडी चोरावी लागे. हिवाळा सरताना चोरलेली काडी मे महिन्यात बांधायची, ती धरली की लग्नाची तारीख काढायची. अशा दिवसांत होणारे सासरे खिडकीकडे पाठ करून बसत आणि मोठमोठ्यानं खोकत, म्हणजे जावयाला कळावं की म्हातारा आत आहे, कर बाबा तुझं काम.

आर्मिदा बावीस वर्षांची असताना तिच्या बापाला, प्रॉस्पेरोला, असाच खोकला लागला होता. चोरी करायची होती सेवेरिनोनं. वाडीच्या वरच्या टोकाचं घर त्याचं. हाताला कसब, खांद्यात ताकद, स्वभावानं गाईइतका गरीब. आर्मिदाचा त्याच्यावर जीव होता. लपवायची तिला गरजही वाटत नव्हती. प्रॉस्पेरो रोज खोकत होता, झाडाला शिडी लावलेली होती, आणि हा पठ्ठ्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर केस विंचरून, हॅट हातात धरून सरळ पुढच्या दारानं आला.

“प्रॉस्पेरोकाका, तुमच्या मिकेलिनाची एक काडी द्याल का?”

आत आर्मिदाच्या हातातला मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा दांडा जागच्या जागी थांबला.

“अरे, मागतोस काय?” प्रॉस्पेरो म्हणाला.

“चोरायला बरं वाटेना, काका. तुमच्या घरातलं एवढं मोठं काहीतरी न्यायचं आणि तेही चोरून?”

प्रॉस्पेरो पाइपातली राख झाडू लागला. मग म्हणाला, “देतो की. बुधवारी ये.”

बुधवारी त्यानं ओल्या गोणत्यात गुंडाळून काड्या दिल्या. मे महिन्यात सेवेरिनोनं त्या चॅपेलच्या वरच्या गावकीच्या रानात, दोन रानटी खुंटांवर बांधल्या. प्रॉस्पेरो स्वतः पाइप ओढत समोर उभा होता. पंधरवड्यात काड्यांवरचे कोंबांचे डोळे काळे पडले. वाडी हसली, खोरं हसलं. कोणी त्याला हाक मारली ‘मागत्या’, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की पुढे बाप्तिस्म्याचं नाव फक्त पाद्रीबाबांच्या लक्षात राहिलं. “धरलं नाही, त्याला मी काय करू?” एवढंच प्रॉस्पेरो म्हणाला.

आर्मिदानं वाट बघितली. सेवेरिनो येईल, भांडेल, दार ठोठावेल, निदान कुंपणापाशी उभा राहून चल म्हणेल. तो आला नाही. शरद ऋतूत कॅलिफोर्नियाला गेला, तिथे दुसऱ्यांच्या गाईंची दुधं काढली आणि बारा वर्षांनी एक चांगली हॅट आणि एक मोडलेली कंबर घेऊन परतला. तोवर आर्मिदाच्या मनात एक गोष्ट पक्की होऊन बसली होती. ज्याला माझ्यासाठी एक काडी चोरवली नाही, त्याच्यासाठी मी का कुढू? ती कुढत होतीच, पण रागानं. बाप गेला तेव्हा सेवेरिनोनं शवपेटीला खांदा दिला आणि तिला ‘तुम्ही’ म्हणून धीर दिला. तिनंही ‘तुम्ही’ म्हणूनच आभार मानले. पुढे कितीतरी वर्षं दोघांचं बोलणं “बरं आहे ना?” आणि “बरं आहे” याच्यापलीकडे गेलं नाही. दोघांनीही लग्न केलं नाही. त्यावर वाडीनं पुष्कळ विनोद केले, आणि मग विनोद करणारेही एकेक करून शहरात निघून गेले.

गंमत अशी की हा मागत्याच पुढे खोऱ्यातला सगळ्यात नावाजलेला कलम बांधणारा झाला. लोक काड्या चोरून आणायचे, हा बांधायचा, आणि त्याच्या हातचं कलम सहसा फुकट जात नसे. स्वतः मात्र त्यानं जन्मात काडी चोरली नाही.

मग आला नारिंगी रोग. आधी खालच्या गावात, मग चढत चढत वर. सालीवर नारिंगी पुटकुळ्या येतात, फांदी वाळते आणि वाळलेली पानं हिवाळाभर तिलाच लोंबकळत राहतात. वाडीतल्या मिकेलिना काही कातडी कमावायच्या टॅनिनच्या कारखान्याला विकल्या गेल्या होत्या, उरलेल्या या रोगानं नेल्या. राहिली एक, आर्मिदाच्या घरामागची. आर्मिदाचे केस पिकले होते तेव्हाच्या एका फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या फांदीवर पानं तशीच लोंबताना तिला दिसली. शिडी लावून ती वर चढली आणि पुटकुळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. जंगलखात्याचा माणूस येऊन गेला, त्यानं खोटा धीर दिला नाही. दोन-तीन वर्षं, म्हणाला.

आता काय करायचं ते आर्मिदाला लख्ख दिसत होतं. वरच्या निरोगी शेंड्याच्या काड्या झाडात रस चढायच्या आत निघायला हव्यात, मे महिन्यात बांधल्या जायला हव्यात. नाहीतर आजोबांनी बर्फातून उकरून काढलेली ती जात जगाच्या पाठीवरून जाणार. बांधणारा उरला होता एकच. आणि द्यायची तर सोय नाही, दिलेली धरत नाही. म्हणजे सेवेरिनोनं तिच्या झाडावरून काडी चोरायला हवी होती! या गोष्टीचा दुसरा अर्थ काय होतो, याचा विचार आपल्या मनात आलाच नाही असं ती स्वतःला सांगत होती.

ती हौदावर गेली. तिथे कातेरीनाकाकू कपडे धूत होत्या. वाडीतली सगळी बातमी याच बाईच्या तोंडून वाटली जायची.

“दोन दिवस बेलिन्झोनाला चालले आहे हो काकू, भाचीकडे,” आर्मिदा गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाली. “घराला कुलूप असेल. मागं चिटपाखरू नाही.”

“आणि शिडी का लावून ठेवलीयेस झाडाला?”

“विसरले.”

“मग काढ जाऊन.”

“आता मोटार चुकेल!”

दोन दिवस भाचीच्या घरात तिनं नुसत्या येरझाऱ्या घातल्या. परत आली तर शिडी गोठ्यात नीट आडवी ठेवलेली, शिवाय घराच्या दगडी छपराची निसटलेली एक शिळाही बसवून दिलेली. झाडाला नखसुद्धा लागलं नव्हतं. आर्मिदानं कपाळाला हात लावला.

मग तिनं कोयता बुंध्यातच खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो धार लावून दाराच्या खिळ्याला टांगलेला मिळाला. आता मात्र तिची तळपायाची आग मस्तकात गेली. डिवचावं म्हणून ती पुन्हा हौदावर गेली आणि म्हणाली, “काकू, कोणीतरी माझ्या झाडावर डोळा ठेवून आहे. काड्या चोरतंय. सापडू दे एकदा, मग बघते! अर्थात या वाडीत तेवढी हिंमत आहे कोणाला?”

हिंमतीचं वाक्य सेवेरिनोपर्यंत पोहोचलं की नाही देव जाणे. चोराचं पोहोचलं. त्याच दुपारी आर्मिदानं मागची खिडकी उघडली तर झाडाखाली ओंडक्यावर हा बसलेला. गुडघ्यावर घोंगडी, हातात काठी.

“काय करताय तिथे?”

“राखण,” सेवेरिनो म्हणाला. “कोणी चोरतंय म्हणे.”

“आणि आला चोर तर?”

“धरीन की. तुम्ही निवांत राहा, आर्मिदाबाई. मी आहे.”

तिनं खिडकी धाडकन लावली. ओट्याला टेकून आधी ती पोट धरून हसली, आणि मग हसता हसताच तिला रडू फुटलं. तो पुढचा आठवडाभर डोळ्यांत तेल घालून राखण करत बसला. मार्च अर्धा होत आला. झाडात रस चढायला आता फार अवकाश नव्हता.

शेवटी एका सकाळी तिनंच शिडी लावली. शेंड्यापर्यंत चढली, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापल्या, ओल्या गोणत्यात गुंडाळल्या आणि मागच्या वाटेनं नव्हे, मुद्दाम हौदावरून, कातेरीनाकाकूंच्या डोळ्यांदेखत वरच्या टोकाला गेली. सेवेरिनोच्या टेबलावर तिनं गोणतं ठेवलं.

“ह्या बांधा.”

“दिलेली काडी आहे ही,” तो म्हणाला.

“हो.”

“धरत नाही दिलेली.”

“मग काय करू? तुम्ही चोराल याची वाट बघत बसू? मरेल ती तोवर, आणि मीसुद्धा!”

सेवेरिनोचं तोंड उघडं राहिलं. शिडी, कोयता, हौदावरचं बोलणं, सगळं आता कुठे त्याच्या डोक्यात शिरत असावं. कानाच्या पाळीपर्यंत तो लाल झाला. मग गोणतं उचलून तळघरात गेला आणि काड्या ओल्या वाळूत पुरून आला.

मे महिन्यात, खुंटाची साल सुटायला लागल्यावर, दोघं चॅपेलच्या वरच्या रानात गेली. आमच्याकडे कलम शिट्टीचं असतं. पोरं पावा करतात तशीच डोळ्याभोवतीची साल अखंड नळीसारखी फिरवून काढायची आणि खुंटाच्या सोललेल्या शेंड्यावर अंगठीसारखी बसवायची. सेवेरिनो गुडघ्यावर बसला होता, आर्मिदा दगडावर बसून त्याला एकेक काडी देत होती. त्यानं चाकूनं वर-खाली रिंग कापली, दोन बोटांत धरून हलकेच पिळलं, आणि बारीकसा आवाज होऊन नळी सुटली. आतून ओली, चकचकीत.

“जिवंत आहेत या वेळी,” तो स्वतःशीच म्हणाला.

“या वेळी म्हणजे?”

“काही नाही. पुढची द्या.”

“सेवेरिनो, या वेळी म्हणजे काय?”

त्यानं नळी खुंटावर बसवली, अंगठ्यानं दाबली आणि वर न बघता सांगितलं. “त्या वेळची साल फिरली नव्हती. फिरणारच नव्हती. गोणतं ओलं आणि आतली काडी मेलेली. नखानं खरवडली तर तपकिरी. ऊब दिलेली होती तिला.”

आर्मिदाला तो आठवडा आठवत होता. घरात पाव भाजायचा वार नव्हता तरी बापानं भट्टी पेटवली होती. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला होता, ओल आलीय भिंतीला.

“बाबा समोर उभे होते,” तिनं विचारलं, “त्यांना माहीत होतं?”

“साल फिरेना तेव्हा मी वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. नजर काढली नाही त्यांनी.”

“आणि तू तरी बांधलीस?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘तू’ गेलं. “मेलेली काडी बांधलीस? फेकायचीस ना त्यांच्या तोंडावर! ओरडायचंस, मी खालीच होते!”

“मला वाटलं,” सेवेरिनो म्हणाला. “मला वाटलं, ते तुझंच उत्तर आहे. तोंडानं नाही म्हणायचं जिवावर आलं असेल, म्हणून बापाकरवी मेलेली काडी दिलीस. मग ओरडून काय करायचं होतं? बांधली आणि गेलो.”

“अरे, मी आत पोलेंटा ढवळत होते रे!” आर्मिदा म्हणाली. “मला काय ठाऊक? मी तर लग्नाच्या कपड्यांची पेटीसुद्धा भरली होती.”

ती रडली. बाईनं बापाच्या मरणात गाळली नव्हती एवढी आसवं त्या दगडावर बसून गाळली. बापाचा राग आला, आणि राग येतानाच त्याच्या मानेचा तो तंबाखूचा वासही आठवला, त्यामुळे धड रागावताही येईना. बायको लवकर गेलेला माणूस. घरात उरलेली शेवटची पोर वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाणार म्हणून त्याला एवढी भीती वाटली? शंभर पावलं तर होती! सेवेरिनो चाकू हातात धरून तसाच बसून राहिला. तिच्या पाठीवर हात ठेवावा की न ठेवावा हेही त्या बिचाऱ्याला कोणाला विचारता येईना.

“चूक माझीपण आहे,” तो शेवटी म्हणाला. “चोरली असती तर जिवंत मिळाली असती.”

“ते तर आहेच,” आर्मिदा नाक पुसत म्हणाली. “गाढव आहेस तू. घे, पुढची काडी घे, वाळेल.”

जूनच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, सगळी वाडी चर्चच्या अंगणात उभी होती. सगळी म्हणजे उरलेली होती तेवढी. कलमांचे डोळे फुटल्याची बातमी कातेरीनाकाकूंनी आधीच वाटून टाकली होती. पानं आली होती, करंगळीएवढी, तांबूस, दातेरी. हातानं दिलेल्या काड्या धरल्या हे ऐकून म्हातारी माणसं जराशी अस्वस्थच झाली होती.

“तेव्हा नाही धरल्या आणि आता बऱ्या धरल्या?” काकू म्हणाल्या. “मागत्याला कॅलिफोर्नियात मंत्र मिळाला वाटतं.”

दोघे-तिघे हसले. आर्मिदा पायरीवर उभी होती. तिथूनच, मिस्सेतला धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात ती बोलली.

“तेव्हाच्या काड्या मेलेल्या होत्या. माझ्या बापानं भट्टीत ठेवून मारल्या आणि ओल्या गोणत्यात बांधून दिल्या. सेवेरिनोला बांधतानाच कळलं होतं. त्यानं एका शब्दानं कोणाला सांगितलं नाही.”

कातेरीनाकाकूंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

“आर्मिदा! मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आणि तेही बापाबद्दल!”

“मेलेल्या माणसाबद्दल नाही बोलत, काकू. जिवंत माणसाबद्दल बोलते आहे.”

सेवेरिनो भिंतीपाशी होता. त्यानं हॅट डोक्यावर चढवली, पुन्हा काढली. मग सगळ्यांसमोरून चालत पायरीपर्यंत आला आणि कोणाला काही न विचारता तिच्या शेजारी उभा राहिला.